पोम्बा कुठे गेली, याचा खुलासा

प्रिय ओटिलिया आत्या,

आधी आशीर्वाद दे, मग रागाव. तीन दिवसांत पत्र टाकतो असं सांगून लियोंहून निघालेला मी आज सहा आठवड्यांनी लिहायला बसलोय, आणि याला एकही चांगलं कारण माझ्याकडे नाही. रोज सकाळी कागद काढायचो. मग बाहेर कुणीतरी ओरडायचं, की कुंपण पडलंय, की मधमाश्या उठल्यात, आणि नुसतं बघायला गेलेला मी जेवणाच्या वेळेला परत यायचो. तुझा खांदा कसा आहे? इस्त्रीचं काम कमी केलंस का? आतोबांची कबुतरं अजून शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींवरच बसतात का? इकडे सगळे ठीक आहेत. ओक पिवळे पडायला लागलेत, आणि यंदाची द्राक्षं इतकी आंबट आहेत की पाद्रीबुवासुद्धा वाइन पिताना एक डोळा मिटतात.

तू मला कशासाठी पाठवलंस ते मी विसरलेलो नाही. तुझे बाबा एकटे राहू शकतात का ते बघायचं. गावच्या गुरांची पाळी त्यांना झेपली तर तू लियोंचं नाव काढणार नाहीस. नाही झेपली तर दोन्ही गाई विकायच्या आणि त्यांना घेऊन यायचं. नियम तुला माझ्यापेक्षा पाठ आहे : ज्या घराची पाळी, त्या घराने सगळ्या गावची गुरं डोंगरावर न्यायची, आणि जे घर पाळी चुकवेल त्याच्या गाई कळपाबाहेर. तर आत्या, आपल्या घराची पाळी परवा सोमवारी झाली. गुरं वर गेली, गुरं खाली आली. (जवळजवळ.)

रस्ता अजून तोच आहे. रोमन लोकांनी घातलेले चिरे, त्यांवर शेवाळ, आणि दर मैलाला जंगलात माणसासारखे उभे असलेले ते दगड. एका मैलाला एक दगड पुरला असता, पण आपल्याकडे कुठे पाच, कुठे नऊ. आजोबा म्हणतात, रस्ता एकाने बांधला आणि सही करायला रांग लागली. नवा सम्राट आला की जुन्याच्या शेजारी आपला दगड रोवायचा. आजोबा अजूनही प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून त्याला शेजाऱ्यासारखा नमस्कार घालतात, आणि ओढ्याकाठच्या त्या कललेल्या दगडापुढे टोपी काढतात, कारण तो आजारी आहे. तुला आठवतं का, मी सहा वर्षांचा असताना तू मला खांद्यावर बसवून तिथवर न्यायचीस आणि दगडाला कान लाव म्हणायचीस, आत गाड्यांची चाकं वाजतात म्हणून? मला ती खरंच ऐकू यायची. तू लियोंला गेलीस त्या वर्षी मी एकटाच जाऊन ऐकायचो, आणि मला वाटायचं, त्यातलीच एक गाडी तुला परत घेऊन येईल. परवा पुन्हा कान लावला. मुंग्या निघाल्या.

तर पाळीच्या दिवशी तिथेच शहराकडची चार माणसं भेटली, डोंगर चालायला आलेली. (पाळीला मदतीला आलेल्या शेजारच्या फेलिझमिना काकींचा शेरा : माणसं चार, काठ्या आठ, आणि गाय एकही नाही.) दगडावर काय लिहिलंय, असं त्यांनी मला विचारलं. आता सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला कुणी इतक्या आदराने काही विचारलं, तर त्याने काय करावं? मी सांगितलं, की हा सम्राट पायाने अधू होता, म्हणून टेकायला त्याने मैलामैलाला दगड लावून घेतले. त्यांनी ते वहीत उतरवलं. मग शेजारच्या दगडाचा विषय निघाला. तो याचा मेव्हणा. दोघांचं जमत नव्हतं, म्हणून तर तोंडं वेगवेगळ्या दिशांना. त्यांनी मला चीज दिलं, मी त्यांना मक्याची भाकरी दिली, आणि पाचव्या सम्राटाला मी विष घालत होतो तेव्हा तास उलटून गेला होता. गुरांच्या पुढे काकी, मागे मी, असं ठरलेलं होतं. (आजोबांची पाळी असताना मी मागे काय करत होतो, असं तू विचारशील. खाली बघ.)

बाकी सर्व कुशल. आजोबांची भूक चांगली आहे, झोप चांगली आहे आणि जीभ तर विचारूच नकोस.

तुझा आज्ञाधारक भाचा,
गास्पार

ता. क. : आजोबांचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. पाळीला मी गेलो. घरातलं कुणीही चालतं, नियमात बसतं, मी विचारून घेतलंय. फक्त संध्याकाळी पाणवठ्यावर गुरं मोजली तेव्हा एकोणचाळीसऐवजी अडतीस भरली. नसलेली गाय आपलीच निघाली, पोम्बा, तीही दिवस भरलेली. दुसऱ्या कुणाची असती तर आपलं घर त्याच दिवशी कळपाबाहेर गेलं असतं. आपली होती म्हणून लोक नुसते हसतायत. “रोमला गेली असेल रे गास्पार, रस्ता तोच आहे!” काकी म्हणाल्या, की गाभण गाय मागे रेंगाळते हे शेंबड्या पोरालाही कळतं, याच्या सम्राटांना मात्र कळलं नाही. आजोबांनी सार वाढलं, माझ्या ताटलीत खाऱ्या माशाचा मोठा तुकडा टाकला आणि म्हणाले, “तिला लिही, पाळी मीच केली.” आत्या, त्यांनी मला आयुष्यात कधी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. हे शेवटचे दोन दिवस पत्र अडलं ते खरं तिथे.

ता. क. दुसरा : म्हणून मागायचं ते असं. गाई विकू नकोस. हा हिवाळा जाऊ दे. मी राहतो. (हसू नकोस. माझी पिशवी तीन आठवडे खुंटीवर आहे, हवं तर काकींना विचार.) लियोंला तुझ्या चौथ्या मजल्यावर आजोबा कुणाच्या पाठीवर थाप मारतील? जिन्याच्या?

ता. क. तिसरा, गुरुवार, दगडावर टेकून लिहितोय म्हणून अक्षर असं : सकाळी उठलो तर आजोबा घरात नाहीत, आणि काठी दाराशी तशीच. हे पत्र खिशात, मी पळत सुटलो. तिसऱ्या मैलाला, जिथे नऊ दगड दाटीने उभे आहेत, तिथे सापडले. दगडांच्या मधल्या उबेला पोम्बा, तिच्या पोटाशी दोन दिवसांचं तांबूस वासरू, आणि त्यांच्याशेजारी पाय लांब करून आजोबा. पोम्बाची आईसुद्धा याच दगडांत व्यायली होती म्हणे. हे त्यांना सोमवारीच ठाऊक होतं, पण गुडघा ऐकत नव्हता, आणि मला सांगितलं असतं तर मी वाटेत कुणालातरी इतिहास शिकवत बसलो असतो. आता त्यांना उठता येत नाही. मी उचलायला गेलो तर म्हणाले, “हात लावू नकोस, मी बसलोय.” काकी मागोमाग आल्या, आम्हाला बघून म्हणाल्या, “नऊ होते, आता अकरा झाले,” आणि ट्रॅक्टर आणायला खाली गेल्या. त्याला दीड तास झाला. आजोबा मला म्हणतायत, यातलं काही तिला लिहू नकोस. मी म्हणतोय, नाही लिहीत.

ट्रॅक्टर आला. काकी चाकावरच्या पत्र्यावर बसल्यात, आणि त्यांच्या शेजारी राखाडी कोटातली, हातात सुटकेस धरलेली बाई तू आहेस. (सहा आठवडे पत्र नाही म्हणून आलीस, हे काकी तिथूनच ओरडून सांगतायत.) आत्या, तुला बघून आजोबा उभे राहिले! एक हात सम्राटाच्या डोक्यावर ठेवून, जणू सकाळपासून उभेच होते. तू उडी मारून उतरलीस, आणि बाबांकडे नाही, माझ्याकडे नाही, सरळ वासराकडे गेलीस. तोंडात दोन बोटं घालून ते चोखतंय का ते पाहिलंस, मग कोट काढून त्याला गुंडाळलंस. वर न बघताच विचारलंस, “हिवाळ्यात याला कोण बघणार?” आजोबांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, “मग तो कागद ठेव आणि मागचे पाय धर.”

ठेवतो.