बाबांच्या गाडीचा नवा आवाज

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. तू विकतोस तो हवेचा फिल्टर बसवल्यावर गाडीची ताकद वाढते असं दाखवणारा आलेख हवा, तोही आमच्या वाहन तपासणी केंद्राच्या शिक्क्याचा! वाचून अंगाचा तिळपापड झाला. फोन केला असता, पण फोनवर तू हसून विषय उडवतोस आणि मग मीही हसते. म्हणून लिहितेय. कागदावर तुझं हसू ऐकू येत नाही, बरं असतं.

तुझ्या दुकानाची जाहिरात पाहिली. पहिली चाचणी बॉनेट बंद ठेवून, तापून लाल झालेल्या इंजिनावर. मग फिल्टर बसवायचा, इंजिन निवांत गार होऊ द्यायचं, बॉनेट उघडायचं, समोर हा एवढा मोठा पंखा लावायचा आणि दुसरी चाचणी घ्यायची. अरे, इतका पंखा लावलास तर माझीसुद्धा ताकद वाढेल! रोलरवर गाड्या चढवून त्यांची ताकद मोजणं हे माझं रोजचं काम आहे, हे तरी आठवायचं होतंस. मला शिसारी आली ती लबाडीची तर आलीच, पण इतक्या आळशी लबाडीची जास्त आली.

बाबांची गाडी मी स्वतः रोलरवर चढवली. मागच्या सुट्टीत येऊन तू तिच्या जुन्या फिल्टरचा काळा बंद डबा काढलास आणि तुझा तो चकचकीत लाल शंकू बसवलास ना, तेव्हापासून ताकद वाढलेली नाही. इंजिन तापलं की उलट घटते. पुन्हा पुन्हा मोजलं, बॉनेट बंद ठेवून, रस्त्यावर असते तशी. जुना डबा पुढच्या दिव्यामागून बाहेरची गार हवा घ्यायचा. तुझा शंकू इंजिनाशेजारी उघडाबोडका बसतो आणि त्याचीच गरम हवा ओढतो. वाढला आहे तो फक्त आवाज. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की आपल्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात.

आणि धूळ! घरासमोरच्या रस्त्यावर खडी फोडायचं यंत्र आलंय, हे तुला ठाऊक होतं. शंकूच्या मागच्या नळीत बोट फिरवलं तर दळलेल्या पिठासारखा थर निघाला. तो सगळा इंजिनाच्या पोटात जातोय. आता गाडी निळा धूर सोडते आणि ऑइल पिते. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत धूळ फेकायची असेल तर फेक बाबा, पण बापाच्या इंजिनात कशाला?

आता तू म्हणशील, ताई, मग काढून टाक ना. काढायलाच गेले होते. पाना हातात घेऊन बॉनेट उघडलं तर बाबा मध्ये येऊन उभे. माझ्या मुलानं बसवलंय, त्याला हात लावायचा नाही, म्हणाले. जन्मभर ट्रक चालवून त्यांचे कान गेले, हे आपल्याला माहीतच आहे. पण गाडी चालवणं त्यांनी का सोडलं होतं, हे मला परवा कळलं. आवाजावर गिअर बदलायची सवय आणि आवाजच येईना. गाडी मेल्यासारखी वाटायची, म्हणाले. तुझा शंकू लागला आणि त्यांना इंजिन पुन्हा ऐकू आलं. आता रोज सकाळी अंघोळ झाली की चालू करतात, स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटून बसतात. शेजारच्या निवृत्त मास्तरांना, केस कापणाऱ्याला, दिसेल त्याला धरून सांगतात की गाडी तरुण झाली. बाकीच्यांना आवाज म्हणजे वेग वाटतो, बाबांनाही तसंच वाटतं. माझा राग त्यांच्यावर निघत नाही, म्हणून तो दुप्पट होऊन तुझ्यावर निघतोय.

त्यात तू त्यांना तुझ्या जाहिरातीसाठी कॅमेऱ्यासमोर बोलायला बोलावलंस. हे मला तुझ्याकडून नाही, त्यांच्याकडून कळलं. तू पाठवलेला दुकानाच्या नावाचा टी-शर्ट घालून ते आरशासमोर सराव करतात. ताकद वाढली, हे वाक्य नीट जमेपर्यंत म्हणतात. मी दारात उभी राहून ऐकलं आणि मला तुझी किळस आली. हा शब्द मी खोडणार नाही.

आलेख मी देणार नाही, हे तुला एव्हाना कळलंच असेल. पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. रविवारी बाबा त्या जाहिरातीसाठी तीच गाडी घेऊन, घाट चढून तुझ्याकडे यायला निघणार आहेत. ते इंजिन घाटात टिकेल असं मला वाटत नाही. खरं सांगून मी त्यांना थांबवू शकते, पण मग त्यांचा मुलगा काय विकतो तेही सांगावं लागेल, आणि ते माझ्या तोंडून त्यांनी ऐकू नये. तू रविवारच्या आत ये. जुना डबा माळ्यावरून काढून, धुऊन ओट्यावर ठेवला आहे. स्वतःच्या हातानं बसव. मग बाबांच्या उजव्या बाजूला बस, त्या कानाला अजून थोडं ऐकू येतं, आणि मोठ्यानं, सावकाश, सगळं सांग. इतक्या दिवसांत त्यांना नीट ऐकू आलेली एकच गोष्ट तू काढून नेणार आहेस. त्या जागी निदान तुझा आवाज तरी ठेवून जा.

रागावलेली, तरीही तुझीच,
ताई