अडीच इंची उंबरा

दि. ९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. वजन ब्याण्णव किलो झालं तरी माझ्या पत्रात तू बारक्याच राहणार, तेव्हा तक्रार नको.

फोन सोडून पत्र का, असं मनात आलं असेल. फोन अण्णांच्या पलंगाशी आहे, आणि त्यांची नजर गेल्यापासून त्यांचे कान डोळ्यांचंही काम करतात. मी स्वयंपाकघरात डाव कुठल्या खणात टाकला ते त्यांना पलंगावरून कळतं. म्हणून हे लिहून. उत्तरही घरी नको, दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव. औषधांच्या खिडकीत मी दिवसभर असतेच.

मी नोकरी सोडते आहे आणि हे राज्यसुद्धा. आमच्या जुन्या डॉक्टरबाई निवृत्त होऊन हद्दीपलीकडे एका खेड्यात गेल्या, तिथे त्यांनी छोटा दवाखाना काढला आहे. त्यांना कंपाउंडर हवी आहे. दवाखान्यामागे दोन खोल्या आणि पडवी मिळेल. बसने इथून नऊ तास. एक एप्रिलला रुजू व्हायचं, अण्णांना घेऊन.

आपण जन्मलो ते राज्य हेच, असं आता फक्त पाट्यांवरून समजायचं. शेजारच्या चार घरांच्या जागी गाड्या ठेवायचा तीन मजली सांगाडा आहे. गल्लीत माझ्या ओळखीचे विजेचे खांब तेवढे उरले होते, तेही डिसेंबरात काढले. पण मी त्यासाठी जात नाही, मला काय, मी खिडकीत बसते. अण्णा रोज सकाळी एकटे घड्याळजींच्या दुरुस्तीच्या दुकानात गप्पांना जायचे. दोनशे बारा पावलं, एक वळण. ऑगस्टात रस्ता रुंद झाला, मध्ये दुभाजक आला. अण्णा तिथवर पोचले आणि लोखंडी कठडा धरून दीड तास उभे राहिले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. हे त्यांनी मला सांगितलं नाही, घड्याळजींनी सांगितलं. तेव्हापासून अण्णा घराबाहेर पडलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. मलमाची नळी सहा महिन्यांत उघडलेली नाही.

घड्याळजींचं दुकानही रुंदीकरणात गेलं. आता दुपारी तेच आपल्याकडे येऊन बसतात. अण्णांना मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुझा आरडाओरडा ऐकून घेते, मग त्यांच्याकडे वळते.

वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद. माया आहेच, ती कळवायला शाई घालवत नाही.

तुझी,
ताई


दि. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

आरडाओरडा करत नाही, पण हे मला पटलेलं नाही, आणि पटेल असंही वाटत नाही. अण्णा त्या घरात आंधळे नाहीत, हे तूच मला सांगितलंस. पलंगापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून खिडकीच्या खुर्चीपर्यंत ते डोळसासारखे फिरतात. ते घर त्यांनी स्वतःच्या हातांनी रंधा मारून उभं केलं आहे. त्यांना तिथून उचलून परक्या गावी नेऊन ठेवलंस, तर त्यांचे डोळे दुसऱ्यांदा जातील. एकाहत्तराव्या वर्षी माणूस नवं घर शिकत नाही.

माझ्याकडे आण म्हटलं तर आठवा मजला, लिफ्ट, असं करून तू नाक मुरडतेस. ठीक आहे. पण मग आहे तिथेच राहा. रस्त्यांवरून मला टोमणा मारायचा तुझा विचार पहिल्या पत्रात कसा राहून गेला याचं आश्चर्य वाटतं. मी रस्ते बांधतो, तो रस्ता मात्र मी बांधलेला नाही.

आणि अण्णांना विचारल्याशिवाय एक पाऊल टाकू नकोस. आई गेली तेव्हाही सगळं परस्पर ठरवलं होतंस. ते मी विसरलेलो नाही.

राग धरू नये. धरलास तरी पत्र धाडावंस.

तुझा,
बारक्या


दि. २४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद. पत्र मिळालं, दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्यामागे लपवलं. आईच्या वेळचं जे लिहिलंस ते खरं आहे. तेव्हा तुला फोन करायला हवा होता, चुकलंच माझं. पण त्या चुकीपायी अण्णांनी पलंगावर जन्म काढायचा का?

शनिवारी रात्रीच्या बसने जाऊन रविवारी जागा पाहून आले, अण्णांपाशी घड्याळजी होते. दवाखान्यापुढे गाडीवाट आहे, दिवसात दोन बस येतात. बाकी सायकली आणि शेळ्या. शेळ्या अण्णांना दुभाजकावर अडकवणार नाहीत. पडवीपासून बसथांबा सरळ रेषेत आहे, मध्ये विहीर नाही, गटार नाही, मी चालून पाहिलं.

डोळे दुसऱ्यांदा जातील, हे तुझं वाक्य मात्र मला झोंबलं. त्यावर येताना बसमध्ये विचार केला. घर नेता येत नाही, पण खोली नेता येईल. पलंग, खुर्ची, कपाट, स्टूल, सगळं इथल्यासारखंच तिथे मांडायचं, पावलाला पाऊल जुळवून. तिथली खोली थोडी मोठी आहे, एक भिंत लाकडी फळ्यांची घालून आत घेऊ. मी मापं घेतली: पलंग ते दार माझी सहा पावलं, दार ते न्हाणी अकरा. हे बरोबर की चूक ते सांग. घरात इंजिनिअर आहे असं लोकांना सांगत असते, कधी उपयोग झालेला नाही.

अण्णांना मी विचारणार नाही, घर तयार झालं की सांगणार. त्यांना विचारलं की ते माझ्या सोयीचं उत्तर देतात, मला ओळखू येतं.

भांडायची हौस फिटली असेल तर मदत कर.

ताई


दि. २ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. पावलं हे माप नाही. तुझी पावलं अण्णांची नाहीत, आणि अण्णांची सकाळची पावलं संध्याकाळची नाहीत. टेप घे. नकाशा सोबत आहे, रिकाम्या चौकटींत इंच भर. पलंगाची उंची, कपाटाची कड दारापासून किती, खुर्चीचा हात खिडकीपासून किती, नळ जमिनीपासून किती. तुझी वहिनी म्हणते की दोन रात्री मी घरातलं दुसरं काही बोललेलो नाही.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली नाही. आपल्याकडे न्हाणीच्या दाराला उंबरा आहे, आणि नव्या बांधकामात तो नसतो. अण्णा चाळीस वर्षं तिथे पाय उचलतात. उंबरा नसला की उचललेला पाय हवेत राहील आणि तोल जाईल. त्याची उंची मोज आणि तिथल्या सुताराकडून तसाच करून घे.

मला हे सगळं अजूनही पटलेलं नाही. पण चुकीचं काम करायचं तर निदान मापात करू.

कामाच्या गडबडीत जेवायला विसरू नकोस, एवढं ऐक.

बारक्या


दि. १२ मार्च

बारक्यास,

आशीर्वाद. उंबरा अडीच इंच. बाकीची मापं मागच्या पानावर आहेत. पण त्यांचा आता उपयोग होईलसं वाटत नाही.

गेले दोन-तीन आठवडे अण्णांच्या नडगीवर काळेनिळे डाग दिसत होते. विचारलं तर म्हणाले, वयात असं होतं. परवा संध्याकाळी मी दवाखान्यातून आले आणि माझंच बोट स्टुलावर ठेचलं. स्टूल पलंगाशी असायचं ते खिडकीखाली होतं. अण्णांना विचारलं, तर म्हणाले की आपणच सरकवलं असेल. काल कोपरावर नवी खरचटलेली खूण होती. चाळीस वर्षांच्या घरात, बारक्या, जिथे ते ग्लासभर पाणी न सांडता आणायचे. त्यांना आता हे घरही आठवेनासं झालं की काय, असं वाटायला लागलं आहे.

तू म्हणत होतास तेच खरं. डॉक्टरबाईंना नकाराचं पत्र लिहून पर्समध्ये ठेवलं आहे. टाकायचं धाडस होत नाही, फाडायचंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुला विचारते आहे, काय करू?

ताई


दि. १७ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. ते नकाराचं पत्र फाड.

यावर तू माझ्या डोक्यावर हात ठेवून ताप बघशील, म्हणून कारण लिहितो. तुझं पत्र आलं तेव्हा मी साइटवर होतो. रस्ता माझाच, गेल्या वर्षी पुरा झालेला. जेवणाच्या सुट्टीत दुभाजकावर गेलो, कठडा धरला आणि डोळे मिटले. म्हटलं, अण्णा दीड तास उभे होते, आपण दहा मिनिटं उभं राहू. चाळीस आकड्यांच्या पुढे मला मोजता आलं नाही. गाड्या अंगावरून जातात असं वाटतं. डोळे उघडले तेव्हा मुकादम समोर उभा होता, त्याने मला पाणी दिलं. मला अण्णांची फार लाज वाटली, म्हणजे माझी.

अण्णा घर विसरत असतील तर ते इथेही विसरतील, माझ्या आठव्या मजल्यावरही विसरतील. पडायचंच असेल, तर जिथे दिवसात दोन बस येतात आणि तू भिंतीपलीकडे आहेस, तिथे पडोत. तू जा. लाकडी भिंतीच्या फळ्या मी इथून पाठवतो, तिथल्या फळ्यांवर माझा भरवसा नाही. मी मे महिन्यात येतो.

मागचं सगळं माझ्याकडून मिटलं. तू ठरवलंस ते तडीस ने.

तुझा,
बारक्या


दि. ३ एप्रिल

चि. बारक्यास,

पुष्कळ आशीर्वाद. पोचलो, रुजू झाले, आणि पहिल्याच दिवशी एकोणचाळीस माणसं खिडकीत आली. त्यातल्या तिघांना औषध हवं होतं, बाकीच्यांना मला पाहायचं होतं.

अण्णांना मी निघायच्या आठवडाभर आधी सांगितलं. चार रात्री वाक्यं जुळवत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की हत्यारांची पेटी येईल ना. मी रडले, ते नाही.

खोली तुझ्या नकाशाबरहुकूम झाली. सामान टेंपोने आमच्या आधी आलं होतं, डॉक्टरबाईंनी ते नकाशावरून मांडून घेतलं. उंबरा पाहून इथला सुतार हसला. म्हणाला, लोक ठेच लागते म्हणून काढून टाकतात आणि बाई मुद्दाम बसवून घेतात. अण्णा बसमधून उतरले, खोलीत गेले, पलंग, खुर्ची, न्हाणी, परत पलंग. कुठे हातही लागला नाही. उंबऱ्यावर पाय बरोबर उचलला. तुला तेव्हा तिथे असायला हवं होतं. नडगीवरचे डागही जात आले आहेत, ते मात्र मला अजून उमगलेलं नाही.

मेची वाट पाहते. इंजिनिअर खरंच उपयोगी पडतो, हे कबूल.

तुझी,
ताई


दि. २० एप्रिल

चि. बारक्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. पुठ्ठ्याला ओळीएवढी खाच पाडून त्यात लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सोडवून वाच. ताईला हे ठाऊक नाही. पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे, पेटी बसथांब्यावर आहे.

तुझी पत्रं ताईने पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. त्या घरात मला सापडली नाही अशी वस्तू नाही. पहिलंच पत्र फेब्रुवारीत घड्याळजींनी मला वाचून दाखवलं, भिंग लावून, पुढचीही त्यांनीच. दुसऱ्याची पत्रं वाचवून घेणं वाईट, हे मान्य. पण मला कुठे न्यायचं यावर चाललेली पत्रं दुसऱ्याची कशी?

एकाहत्तराव्या वर्षी माणूस नवं घर शिकत नाही, असं तू लिहिलंस. ते मला लागलं. घड्याळजींना म्हटलं, बघूच. ताई कामावर गेली की दुपारी ते येऊन खोलीतलं सामान इकडचं तिकडे करायचे आणि मी शोधायचो. पलंग सोडून सगळं हलवायचे, मुद्दाम वाटेत आणायचे, खट आहेत. पहिला आठवडा नडग्या फुटल्या. तिसऱ्या आठवड्यात कपाट कुठे आहे ते मला खोलीत शिरताच आवाजावरून कळायला लागलं. ताई यायच्या आत सगळं जागच्या जागी. एकदाच घड्याळजी स्टूल विसरले. त्यापायी ताईने नकाराचं पत्र लिहिलं, हे तुझ्या पत्रावरून कळलं, तेव्हा मी बोलणारच होतो. पण ते पत्र फाड असं तू लिहिलं होतंस. आई गेल्यापासून तुम्ही दोघं एका कामाला लागलेली मी पाहिली नव्हती. म्हटलं, आपण मध्ये पडू नये.

तुम्ही मला विचारलं असतंत तर मी नाही म्हणालो असतो. भीतीने म्हणालो असतो आणि नाव गुडघ्यांचं सांगितलं असतं. विचारलं नाहीत याचा राग आला होता, तो एप्रिलपर्यंत पुरला. आता नाही.

तुझी खोली चोख आहे, सुताराच्या नजरेने सांगतो. फळ्यांचे सांधे हाताला लागत नाहीत. पण उंबरा मी परवा पटाशीने काढला. चाळीस वर्षं पाय उचलला, पुरे झालं. ताई ओरडली, मग स्वतःच चालून पाहिलं आणि ढलप्या झाडून टाकल्या. लाकूड चांगलं आहे, ठेवून दिलंय.

सकाळी बाहेर पडतो. पहिल्या दिवशी पडवीपर्यंत, मग पुढे. शेळ्यांना वाट द्यावी लागते, त्या देत नाहीत. घड्याळजींना यायला लिहिलंय. ते म्हणतात, तिथे घड्याळं नाहीत, तर मी काय करू? मी कळवलं, सामान हलवायला या.

तू दहा मेला दुपारच्या बसने येणार असं ताई म्हणते. थांब्यावर मी असेन, एकटा. उतरल्यावर हाक मारू नकोस आणि हातही धरू नकोस. जरा उभा राहा. मी तुला शोधून काढतो.

तुझे,
अण्णा