कोणत्या हाताने उचलायचं

१० नोव्हेंबर, सोमवार

सायलीने जेवणाच्या टेबलाला दोन काठ्या पक्क्या केल्या, जॉयस्टिक म्हणते त्यांना. एक डावीकडे, एक उजवीकडे. मीठ-लोणचं आता फ्रिजवर.

तिची कंपनी पुण्यात, ही घरून काम करते. कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतात. सध्याच्या खेळात अंतराळयान चालवायचं असतं आणि कोणत्या हाताने काय व्हावं ते हिने ठरवायचं. एवढ्यासाठी पगार! मी दोनदा विचारून घेतलं, खरंच एवढंच काम ना.

"आई, ज्याच्या हाताला कसलीच सवय नाही असं माणूस पाहिजे."
"म्हणजे अडाणी."
"म्हणजे तू बस की."

बसले. तीन मिनिटांत यान दगडावर आपटलं. काठी सोडली तरी ते जातच राहतं. म्हटलं, हात काढला की थांबायला नको? म्हणाली, तिथे हवा नाही, काही नाही, थांबणार कशाला. मग चालवणाऱ्याने दमायचंच नाही का? हे तिने वहीत लिहून घेतलं. मी काही बोलले की लगेच लिहिते. आपल्यावर कुणी लिहितंय म्हटलं की बरं वाटत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

यानाला पुढे एक लांब दांडा आहे. दंड, कोपर, पंजा. तरंगत्या खडकाचे तुकडे काढायचे. उजवी काठी मागे ओढली की दंड वर जातो. डावी मागे ओढली की कोपर आत येतं, पंजा आपल्याकडे.

मी म्हटलं, हे पोकलेन आहे.
सायलीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "हो. बाबांचंच. मला दुसरं काही सुचलंच नाही."
नंतर दोघी जेवलो. वांग्यात मीठ कमी होतं, कुणी मागितलं नाही.

ह्यांनी बावीस वर्षं पोकलेन चालवलं. विहिरी, रस्ते, कारखान्याचे पाये. जाऊन तीन वर्षं झाली. कागलच्या पुढे एका शेततळ्याची खोदाई चालू होती. मशीन काठावरून आत गेलं, हे आतच होते. पंचनाम्यात एक ओळ आहे : चालकाने चुकीची लिव्हर ओढल्याने मशीन कलंडले. कागद कपाटात आहे. पाठ आहे तरी काढून वाचते. त्या वेळी लोक म्हणाले, घेतली असेल. ह्यांनी उभ्या जन्मात कधी दारूला हात लावला नाही. जावेने तर माझ्या तोंडावर विचारलं होतं.

चुकीची लिव्हर. ह्यांनी. मी त्या ओळीवर कधी विश्वास ठेवला नाही. पण माझ्या विश्वासाला विचारतंय कोण.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज अकरा तुकडे. एकदाही आपटलं नाही. उजवी, डावी असा विचार करावा लागत नाही, हात आपला जातो.

शेजारच्या कमलताई वाटी परत करायला आल्या आणि दारातच थबकल्या. "काय वो हे? ह्या वयात कुठं निघालाय?"
म्हटलं, चंद्रावर. काही आणायचं का?
"येताना कोथिंबीर बघा. इथं लई महाग झालीय."

सा. खुशीत. म्हणाली, पुण्याच्या साहेबांना तुझे आकडे दाखवले, त्यांना पटेना की ही सातवी शिकलेली बाई आहे. मी म्हटलं, त्यांना सांग वाचनालयातली दोन कपाटंही संपवली आहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लिहायचं मन नाही. तरी लिहिते.

दुपारी डाळ शिजत लावून काठ्यांवर बसले. खडकाच्या अगदी कडेला गेले. पंजा खडकात रुतला होता, उचलायला उजवी ओढली. उचललाच नाही. कोपर आत आलं आणि पंजा रुतलेला, म्हणून अख्खं यान खडकाकडे ओढलं गेलं. फुटलं. परत. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी जोरात ओढली, तर जास्त जोरात आपटलं. वाटलं आपला हात गेला. आईला झटका आला होता तो असाच हातापासून.

सा.ला हाक मारली. ती हसत आली.
"अगं, सकाळी अदलाबदल केली मी. साहेब म्हणाले उचलायचं डाव्या हाताला देऊन बघा."
"मला सांगितलं नाहीस?"
"तेच बघायचं होतं ना. न सांगता किती वेळाने कळतं."

डाळ करपली. तिच्याशी बोलले नाही. ती समजतेय डाळीवरून.

उचलायला ओढली, आणि मशीन खड्ड्याकडे

१९ नोव्हेंबर, बुधवार

ह्यांच्या पत्र्याच्या पेटीतून मशीनचं पुस्तक काढलं. इंग्रजी आहे. शब्दकोश घेऊन बसले, अकरा ते तीन. दोन पानांवर दोन चित्रं. एकात उचलायचं काम उजव्या लिव्हरला, दुसऱ्यात डाव्या. खाली लिहिलंय, चालकाच्या सवयीप्रमाणे बदलून घेता येते. मागचे पाईप अदलाबदल करायचे, झालं.

म्हणजे बदलता येतं. मग बदलून कोण घेतो? जो त्यावर रोज बसतो तो.

ते मशीन ह्यांचं रोजचं नव्हतंच. त्यावर सुरेश भावजी असायचे. ह्यांचे पंधरा वर्षांचे जोडीदार. त्या दिवशी पौर्णिमा होती. भावजी दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जातात, अजून एक चुकवलेली नाही. "एक दिवस माझ्या जागी बस," म्हणून ह्यांना पाठवलं होतं. ह्यांचं स्वतःचं मशीन वेगळं. त्यावर उचलणं उजव्या हाताला. हे मला ठाऊक आहे, कारण झोपेतही ह्यांची उजवी मूठ मागे जायची.

तेव्हापासून भावजी प्रत्येक पौर्णिमेला वाडीहून परतताना आमच्याकडे येतात. कवठाची बर्फी, देवाचं कुंकू. तीन वर्षं. मी म्हणायची, माणूस कसा जीव लावून आहे. आता बर्फीचे रिकामे डबे मांडणीवर दिसतात. सात-आठ आहेत. कशाला ठेवले मी?

२२ नोव्हेंबर, शनिवार

सा.ला सगळं सांगितलं. चिडली.
"तुझं आपलं काहीतरी. काकांनी माझी फी भरली होती एकदा. आठवतंय?"
आठवतंय. तेही आता वेगळंच आठवतंय.

मग ती एक बोलली, ते मला खोडता येईना. ह्यांची रीत होती. कोणत्याही मशीनवर बसले की काम सुरू करायच्या आधी मोकळ्या जागेत सगळ्या लिव्हर एकदा हलवून बघायच्या. सा.ला लहानपणी मांडीवर घेऊन तेच शिकवलं. "बदललेलं असतं तर बाबांना तिथंच कळलं असतं, आई."

खरं आहे. मी दिवसभर त्याच्याभोवती फिरतेय.

संध्याकाळी तिला म्हटलं, मला सांगून अदलाबदल कर. केली. पाच मिनिटं मोकळ्यात उचललं, ठेवलं. चांगलं जमलं. मग खडकात काम करत होते, तेवढ्यात तिने न सांगता बाजूने दुसरा खडक सोडला. दचकून उचलायला माझा उजवाच हात मागे गेला आणि यान आपटलं. मला ठाऊक असताना. तिने हातातला कॉफीचा कप टेबलावर ठेवला.

मग म्हणाली, "आई, बास आता."

म्हणजे ठाऊक असूनही होऊ शकतं. पण ह्यांना कुणी सांगितलं होतं, की फक्त हलवून कळलं, की घाईत हलवलंच नाही? सांगितलं असेल तर भावजींचा दोष नाही. मला दोष द्यायचाय की जाणून घ्यायचंय, ते आज नक्की सांगता येत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मशीनच्या मालकाकडे जाऊन आले. ऑफिसात एसी, देवाच्या फोटोला लाल दिवा. मला बसा म्हणाला, आणि फोन काही खाली ठेवेना.
"ते मशीन कवाच विकलं. गडहिंग्लजच्या पार्टीला."
लिव्हर कशा होत्या त्याच्या?
"ताई, ड्रायव्हर लोक आपापल्या सोयीनं करत्यात. मला काय म्हाईत असणार?"

मी उठले तेव्हा म्हणाला, "कुणी सांगितलं तुमाला हे?" पायऱ्यांपर्यंत आला आणि परत विचारलं. ज्याला काहीच म्हाईत नाही त्याला एवढी चौकशी कशाला?

१ डिसेंबर, सोमवार

गुरुवारी दत्तजयंती. भावजी येणारच.
सा.ला म्हटलं, त्यांना काठ्यांवर बसवू. तोंडाने माणूस काहीही सांगेल. हात काय करतो ते बघायचं.
"हे फसवणं आहे."
"तू मला बसवलंस, न सांगता बदललंस, ते काय होतं?"
"ते काम होतं."
"हेही कामच आहे."

रात्री जेवताना आपणहून म्हणाली, बाबांची मांडणी ठेवते, उचलणं उजव्याला. पण काही विचारायचं असेल तर तू विचार. मी नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल वाडीला गर्दी, म्हणून भावजी आज आले. दहाच्या सुमारास. पिशवीत बर्फी.

"वैनी, हे काय दुकान मांडलंय?"
सायलीचं काम, म्हटलं.
"आरं तिच्या! पोकलेनच हाय की हे. आकाशात पाठवलंय व्हय गं पोरी?"
"बसा ना काका."
"बसतो की. बघू, सरकारी रस्ता हाय का तितं बी खड्ड्याचा."

हसत बसले. मी चहा ठेवला आणि मुद्दाम समोर उभी राहिले. डोळे त्यांच्या मनगटांवर. पंजा खडकात घातला, झकास घातला, बोटं काय हलकी. मग उचलायची वेळ आली आणि डावा हात मागे गेला. यान खडकाकडे ओढलं गेलं.

"उलटंय की हे." परत डावाच.

सा. म्हणाली (तिने विचारायचं नाही असं ठरलं होतं), "काका, तुम्हाला कसं पाहिजे?"
"उचलायचं डाव्यानं. मी सुरवातीला शिकलो त्या मशीनवर तसंच हुतं. मग जिथं जाईन तितं आधी पाईप बदलून घेतो, मालक कुणी बी आसूं दे, मी आपला"

आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. हात काठ्यांवर तसेच.

मी विचारलं. त्या दिवशी ह्यांना सांगितलं होतं?

"सांगितलंतं की." मग काठ्या सोडून, "आदल्या दिशी फोन झालता आमचा. सांगितलंच आसंल. आसं कोण सांगत न्हाय व्हय, वैनी?"
"सांगितलं, का सांगितलं असेल?"

चहावर साय आली. भावजी उठले, चपला घालताना डाव्या-उजव्याचा गोंधळ झाला, परत काढून घातल्या. गेले. सा. खोलीत जाऊन रडली. मला रडू आलं नाही. मला राग यायला हवा होता, तोही नीट आला नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

सा.ने पुण्याला कळवलं. मांडणी कोणतीही ठेवा, उजवी नाहीतर डावी. पण मागच्या वेळेपेक्षा बदललेली असेल तर आधी पडद्यावर सांगायचं, आणि मोकळ्यात एकदा उचलून, ठेवून दाखवल्याशिवाय यान सुटायचं नाही. शिवाय आणीबाणीत दोन्हीपैकी कोणतीही काठी जोरात ओढली की पंजा सुटला पाहिजे. हे शेवटचं माझं. साहेब म्हणाले, खेळणारे कंटाळतील. ती म्हणाली, कंटाळू देत. अर्धा तास भांडत होती. ह्यांचा आवाज आहे तिला.

भावजींचा फोन. पहिला घेतला नाही, दुसरा घेतला.
"वैनी, चार दिस झालं आठवतोय. फोन झाला ते आठवतंय. मशीनला डिझेल किती हाय ते बोललो. जेवण कुठं मिळंल ते बोललो. लिव्हरचं आठवत न्हाय वो."

खोटं बोलायचं असतं तर सांगितलं म्हणून मोकळा झाला असता माणूस. हे खरं असणार. किंवा 'आठवत नाही' हेच सगळ्यांत सोयीचं आहे, हे चार दिवसांत उमगलं असेल. कुणी शिकवलंही असेल.

मी म्हटलं, माझं एकच मागणं आहे. तुम्ही सांगितलं की नाही, ते राहू दे. त्या मशीनच्या लिव्हर नेहमीच्यापेक्षा उलट्या होत्या, एवढं लिहून द्या. पंचनाम्यातल्या ओळीवर मला अर्ज करायचाय. ह्यांचं नाव त्या ओळीखालून काढायचंय.

भावजी म्हणाले, "इचारून सांगतो."
कुणाला विचारणार?
फोन बंद.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मीच कागद लिहून ठेवला. चार ओळी. खाली सहीची जागा. तीनदा लिहिला, पहिल्या दोनांत राग दिसत होता. सा. म्हणाली, फोटो काढून पाठव त्यांना. नाही. सही माझ्यासमोर व्हायला हवी.

निरोप आला : रविवारी अकराला येतो.

१४ डिसेंबर, रविवार

अकरा वाजून गेले. बारा. फोन लागतो, उचलत नाहीत. सा. म्हणते रविवारची गर्दी असेल. भावजी रंकाळ्यापलीकडे राहतात, चालत आले तरी पोचले असते.

एक वाजून दहा मिनिटं. पोहे गार झाले, परत गरम केले.

आज आले नाहीत तर मी जाणार. गडहिंग्लजलाही जाईन. मशीन तिथे आहे, पाईप तसेच असतील तर त्याचा फोटो निघेल. तीन वर्षांत परत बदलले असले तर मात्र

सा. गॅलरीतून हाक मारतेय. भावजी आले आहेत. पण गाडीवर एकटे नाहीत, मागे कोणीतरी आहे. कोण ते तिला ओळखू येत नाही, माणूस हेल्मेट काढायला तयार नाही. भावजी ज्याला विचारून सांगणार होते तो हाच असेल.

कागद वहीत घातला. उठते.