तीस हजार एकतीस साबण

आदरणीय साडूभाऊ,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा आता वळतो का? ताईंची तब्येत उत्तम असणारच, हिच्याशी फोनवर तासभर बोलत असतात. इकडे सगळे मजेत (मी सोडून).

तुम्हाला ठाऊकच आहे, सासूबाईंनी साबणाच्या कारखान्यातली पॅकिंगची खोली मला अजमावून पाहायला दिली आहे. गेल्या रविवारी तुम्ही आलात, ढिगापाशी बसून मोजणी स्वतः पुरी केलीत आणि फळ्यावर ३०,०३१ लिहिलंत. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की पेटीत दोन घाला नाहीतर पंधरा, पण सगळ्या पेट्या सारख्या हव्यात आणि टेबलावर एकही साबण सुटा उरता कामा नये. शनिवारपर्यंत जमलं नाही तर खोलीच्या किल्ल्या तुम्हाला. (थोरले जावई गणिताचे प्राध्यापक, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.)

आधी तीन-तीन भरले. एक उरला. सगळं उपसून पाच-पाच भरले. पुन्हा एक! तेव्हा पॅकिंगच्या बायकांनीच दया येऊन कॅल्क्युलेटर हातात दिला. दोन, सहा, सात, दहा, अकरा, तेरा, चौदा, पंधरा, कशानेही भागा, बाकी एक; चार, नऊ, बाराने तर त्याहूनही जास्त. आठ-आठ भरावेत तर शेवटच्या पेटीत सातच, म्हणजे तिथे मेला एक कमी! त्या उरलेल्या साबणाला बायका आता 'धाकटे जावई' म्हणतात आणि येता-जाता बाजूला सरकवतात. खरं सांगतो, फार लागलं मनाला.

रडकुंडीला येऊन तुम्हाला फोन केला, तर तुम्ही हरखलात. म्हणे काय देखणी संख्या! दोनपासून तेरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार अधिक एक, म्हणून त्यांतल्या कशानेही भागलं तरी एक उरणारच. आणि एवढं करून ती स्वतः मूळ नाहीच, एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ आहे. मी धावत जाऊन सासूबाईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, एकोणसाठ साबणांची पेटी उचलणार कोण, तुमचे साडू? त्यांना गुडघ्याचं सांगण्यात अर्थ नव्हता.

असो. किल्ल्या तुमच्या नशिबात आहेत, सांभाळा. तुमच्या बुद्धीला दंडवत.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात ताईंचा हिला फोन आला. "अगं, ह्यांनी रविवारी आईकडून एक साबण आणलाय, काय वास आहे म्हणून सांगू!" तो धरला की होतात ३०,०३२, आठ-आठच्या बरोबर ३,७५४ पेट्या. म्हणजे ती देखणी संख्या तुमच्या खिशामुळे जन्माला आली होय! शनिवारच्या आत साबण पाठवा, नाहीतर सासूबाईंच्या कानावर घालतो.

ता. क. २. वापरायला काढला असेल तर मात्र तसं लगेच कळवा. मीही 'धाकट्या जावया'ने आंघोळ उरकून घेतो. ३०,०३० ला सहाने पूर्ण भाग जातो, आणि सासूबाईंपुढे आपण दोघेही धुतल्या तांदळासारखे.