गाडीतला दुसरा ब्रेक

४ फेब्रुवारी
शाळेतून फोन. काउन्सेलर मॅडमनी दोघांनाही बोलावलं. राणीसरकार, म्हणजे आमची एकुलती एक लेक, वय वर्षं पंधरा, स्वतःला इजा करून घेते म्हणे. मला वाटलं, मॅडमचा काहीतरी घोळ झालाय. म्हणालो, आमची मुलगी असली नाही. मॅडम म्हणाल्या, असली आणि तसली असं काही नसतं. बायको रडायला लागली. मी पंख्याकडे बघत बसलो.
डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. मॅडमही तिला दर आठवड्याला भेटणार. आम्हाला काम एकच: रोज थोडा वेळ तिच्याजवळ बसा, ती बोलली तर ऐका, मध्ये तोंड घालू नका.
एवढंच? अहो, माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. घाबरलेल्या माणसाच्या शेजारी बसणं हाच माझा धंदा! मॅडमना तसं सांगितलंही. त्या हसल्या नाहीत.
संकल्प: उद्यापासून ऐकणे.

५ फेब्रुवारी
ऐकलं. बऱ्यापैकी. ती म्हणाली, झोप लागत नाही. मी म्हटलं, मोबाईल! मग मोबाईल या विषयावर बोललो. मुद्देसूद बोललो, माझं मलाच कौतुक वाटलं. ती मध्येच उठून गेली. तहान लागली असेल.

६ फेब्रुवारी
कारण सापडल्याचं कळवायला मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, कारण असं एकच नसतं. काही मुलं स्वतःवरच भयंकर चिडतात. आपण सगळ्यांना कमी पडतो असं त्यांना वाटतं. आत काय चाललंय ते सांगायला शब्द सापडत नाहीत, आणि सांगितलंच तर घरचे उपदेश करतील नाहीतर हसण्यावारी नेतील, ही धास्ती.
आमच्या घरात असलं काही नाही. मी सतत विनोद करत असतो.

८ फेब्रुवारी
मोबाईल रद्द. खरं कारण मैत्रीण. दोघींचं बिनसलंय, ती हिच्याशी बोलत नाही. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? तुझ्या वयाचा असताना मला मित्रच नव्हते! ती म्हणाली, बरं बाबा. धीर आलेला दिसला.
बायकोचं म्हणणं, हात्तिच्या हा शब्द या घरात आजपासून बंद.
घरातली चप्पल नवी घ्यायला हवी. याही वेळी उजवीच आधी झिजली. काय भानगड आहे कळत नाही.

११ फेब्रुवारी
डॉक्टर. मला घाम फुटला होता, पण मी तो दिसू दिला नाही. निदान मला तसं वाटलं. नर्सनं आपणहून पाणी आणून दिलं. डॉक्टरांनी लेकीला एकटीला आत घेतलं. बाहेर आली तेव्हा जरा मोकळी वाटली. मी विचारलं, काय काय बोललात गं? बायकोनं असं कोपर मारलं की अजून ठणकतंय. परतताना गाडीत दोन विनोद केले. कोणी हसलं नाही. इंजिनाचा आवाज फार होता.

१३ फेब्रुवारी
बँकवाल्या बाई गाडी शिकताहेत. आज भर चौकात गाडी बंद पाडली आणि रडायला लागल्या. मी माझं हुकमी औषध काढलं: आमच्या मुलीकडे बघा. सायकल शिकली, एकदाही पडली नाही. परीक्षेत चूक नाही, वागण्यात चूक नाही. तिला ब्रेक लावावाच लागत नाही! लेक मागच्या सीटवरच होती, तिला क्लासला सोडायचं होतं. ती खिडकीबाहेर बघत होती. लाजली असणार.

१४ फेब्रुवारी
बँकवाल्या बाईंनी शिकणं सोडलं. फोनवर म्हणाल्या, तुमची नाही, तुमच्या मुलीची भीती वाटते. कमाल आहे! लोकांना दुसऱ्याच्या पोरीचं कौतुक बघवत नाही.

१६ फेब्रुवारी
आज पक्का बंदोबस्त. तोंडात लवंग धरून बसलो. ती बोलायला लागली. मी अवाक्षर काढलं नाही! मोबाईल नाही, हात्तिच्या नाही, माझं बालपण नाही. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात ती थांबली. म्हणाली, बाबा, पाय.
खाली बघितलं. उजवा पाय फरशीवर करकचून दाबलेला. शिकाऊ गाडीत माझ्या बाजूला जो जादा ब्रेक असतो ना, अगदी तसा.
म्हणाली, मी बोलायला लागले की तू ब्रेक दाबतोस. मी लहान असल्यापासून दाबतोस. मी म्हटलं, छे, काहीतरीच काय! पाय अजून खालीच होता.
ती गप्प झाली ती झालीच.

१७ फेब्रुवारी
चप्पल बघितली. भानगड कळली.
संकल्प: यापुढे मांडी घालून बसणे.

२० फेब्रुवारी
तिच्या खोलीत जमिनीवर मांडी ठोकून बसलो. गुडघे कुरकुरले. तिला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. मग बोलली. म्हणाली, बाबा, चूक झाली की मला माझा इतका राग येतो की त्याचं काय करायचं तेच कळत नाही. आणि आपल्या घरात तर मी चुकतच नाही. तू सगळ्यांना सांगून ठेवलंयस.
मग म्हणाली, सायकल शिकताना मी पडले होते. खूपदा. तुला सांगितलंच नाही. गुडघे फुटले होते, ते झाकून ठेवायचे.
मी काही बोललो नाही. संकल्प वगैरे काही नाही, सुचलंच नाही. विनोदही सुचला नाही. रडू आलं, तिच्यासमोरच. ती म्हणाली, बाबा, मॅडमनी तुला फक्त ऐकायला सांगितलंय ना, रडतोस कशाला? पण तीही रडत होती.
नंतर उठायला गेलो तर दोन्ही पायांना मुंग्या. उठता येईना. शेवटी तिनंच हात देऊन उठवलं.