उंबरठ्याशी थबकणारा उजवा पाय

४ जानेवारी, निगडी
कंपवाताच्या रुग्णांचा व्यायामवर्ग आजपासून सुरू. सकाळी दहा वाजता, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. शिकवणाऱ्या मृण्मयीबाई ताथवड्याहून बोलतात. वयाने माझ्या नातीएवढ्या. पडद्यावर बाई व मी सोडून आठ चौकटी, आठ वृद्ध. सर्वांनी हात वर केले तेव्हा मी माझे हात वर करायचेच विसरलो. एकमेकांना कधीही न भेटलेली आठ माणसे, आठ निरनिराळी घरे, आणि सोळा कापरे हात एकाच क्षणी वर. छत्तीस वर्षे शाळेत कवायत पाहिली. असे काही पाहिले नव्हते.
बाईंचे मराठी शोचनीय. 'शोल्डर्स रोल करा.' मी चूक दाखवणार, तोच सौ. म्हणाली, "तुम्ही खांदे फिरवा. वह्या नंतर तपासा."

७ जाने.
नाशिकहून मीराचा फोन. आठवा महिना. डॉक्टरांनी प्रवास वर्ज्य केला आहे, म्हणजे लेक माहेरी येणार नाही. तिला सासूही नाही. 'आई, तूच ये.' सौ. म्हणाली, 'बघते.'
तिच्या 'बघते'चा अर्थ मी. न्हाणीघराच्या दारात दोन बोटे उंचीची संगमरवरी पट्टी आहे. तिथे माझा उजवा पाय जमिनीला चिकटतो. सौ. पलीकडे उभी राहते, दोन्ही हात धरते, मला ओढून घेते. दिवसातून सहा-सात वेळा. ती गेली तर...
माणूस ठेवा, असे मीराचे मत. न्हाणीघरात परक्याचा हात. नाही.

११ जाने.
बाई म्हणाल्या, "सर, तुमचे पाय दिसत नाहीत." मी इस्त्रीचा सदरा घालून बसतो, फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवतो, चेहरा नीट दिसेल असा. उद्या पाहू, असे सांगून वेळ निभावली. खरे कारण कसे सांगणार? शिकवणाऱ्याच्या तोंडासमोर पाय करायचे नाहीत, हे मी जन्मभर मुलांना बजावले.
मग उलगडले की आठांपैकी सहा जणांचे केवळ चेहरेच दिसत होते. खेडच्या एका आजींनी तर पदर डोक्यावरून घेऊन पाय चादरीखाली झाकले होते. बाई हसल्या नाहीत. "तुम्ही सगळे मला मान देताय," त्या म्हणाल्या, "पण माझं काम पायांशीच आहे हो."

१६ जाने.
आजचे सविस्तर लिहिले पाहिजे.
सौ.ने फोन खाली पाटावर ठेवला, तांब्याला टेकवून. न्हाणीघराचे दार व माझी अनवाणी पावले थेट बाईंसमोर. संकोचाने कान तापले. चालू लागलो, पट्टीशी पाय चिकटला. सौ. पुढे होणार, तोच चाकणजवळच्या गावचे बबनराव बोलले. हे गृहस्थ तीस वर्षे एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होते. त्यांच्या प्रत्येक वाक्याची मी आजवर मनातल्या मनात दुरुस्ती करीत आलो.
"गुरुजी, पायाकडं बघू नगा. आमच्या प्रेसला दोन बटनं असायची. दोनी हातांनी एकदम दाबल्याबिगर हातोडा खाली येत न्हाई. हात आत ऱ्हाऊ नये म्हून. म्या तसंच करतो, बगा."
त्यांनी सुनेकडून फोन खाली धरवून घेतला. ओसरीवर त्यांचेही पाय खिळलेले. दोन्ही तळहात एकदम मांड्यांवर आपटले, आणि पाऊल उचलले गेले. पायाला नेहमीच्या वाटेने आज्ञा पोहोचत नसेल तर असा इशारा कधी कधी दुसरी वाट काढतो, असे बाई म्हणाल्या. सौ.ला जवळ उभे करून मला करून पाहायला सांगितले.
दोनदा काही झाले नाही. तिसऱ्यांदा थाप दिली आणि उजवे पाऊल सुटले. पट्टीपलीकडे पडले.
कितीतरी वेळ त्या पावलाकडे पाहत राहिलो. पंचवीस किलोमीटरवर बसलेल्या एका माणसाने, मला स्पर्श न करता, ते उचलले होते. याला काय म्हणावे? मजजवळ शब्दांची वाण कधी नव्हती, आज आहे.

२० जाने.
सकाळी चारही वेळा जमले. दुपारी गर्वाने घाई केली. सौ.च्या अंगावर कोसळलो. तिचे मनगट सुजले आहे. मीराला कळवायचे नाही, असे तिने बजावले.

२७ जाने.
मनगटाची सूज उतरली. वर्ग संपल्यावर बबनरावांना विचारले, युक्ती नेहमी चालते का?
"न्हाई, गुरुजी. कवा कवा मशीन बंदच असती. मंग उगं हुबं ऱ्हायचं. जोर लावला की पडलाच."
इतके सरळ उत्तर मला कोणत्याही तज्ज्ञाने दिलेले नाही. वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले. एक अक्षरही बदलावेसे वाटले नाही.

२ फेब्रुवारी
मीराला आज दवाखान्यात दाखल केले. जावई एकटे. नाशिकची बस दुपारी दोनला. सौ.ने पिशवी भरली, शेजारच्या कुलकर्णीबाईंकडे किल्ली दिली, त्या दिवसातून तीनदा डोकावतील असे ठरवले, आणि मग पलंगावर बसून राहिली. "खरं सांगा, जाऊ?"
मी उठलो. ती नेहमीप्रमाणे पट्टीपलीकडे उभी राहिली. मात्र हात पाठीमागे बांधून. पाय चिकटला. मी थांबलो. तिचे ओठ घट्ट मिटलेले. बाहेर भाजीवाला ओरडून पुढे गेला. किती वेळ, सांगता येणार नाही. मग थाप दिली. आत गेलो. ती बाहेर निघून गेली आणि दार ओढून घेतले.
एकटाच परत आलो. दुसऱ्या प्रयत्नात. माझ्याच न्हाणीघरातून मी कुणाच्या हाताशिवाय चालत आलो, या वयात, या पायांनी.
"दुसऱ्या प्रयत्नात," मी तिला खरे तेच सांगितले. तिने मान हलवली आणि फोन उचलला.
हे लिहीत असता मीराचा आवाज इथपर्यंत येतो आहे. "आई, निघतेस ना?"
सौ. माझ्याकडे पाहते आहे.