कोपऱ्यातल्या चार रेघा

बंगलोर,
१७ ऑक्टोबर १९८८

प्रिय प्रभादादा,

तुझं पत्र मिळालं. दिवाळीसाठी संत्र्यांच्या पेट्या भरायच्या खोलीला चुना लावायला घेतलास, आणि 'बाबा त्या कोपऱ्याले चुना लावूच देऊन नाई राहिले', एवढंच लिहून थांबलास. कोणता कोपरा, ते कळलं मला. माझं नाव असणार तिथे. नावाखाली चार रेघा.

सौंसरचं ठरत आलेलं स्थळ मोडून मी नोकरीसाठी इथे आले, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून बाबा बोलत नाहीत. पण दर हिवाळ्यात घरून, मोहगावहून, संत्र्यांची पेटी येते, चिठ्ठीशिवाय. मीही पोचेचं कार्ड कधी टाकलं नाही. बोलायचं नाही तर नाही! खाण तशी माती. पेटीतलं गवत मात्र उशाशी ठेवते, आणि झोपेत आपल्या बागेत हिंडते. झाडांखाली पिवळा उजेड असतो, बाबा पाठमोरे उभे असतात. वळतच नाहीत.

माझं काम काय, विचारलंस ना? कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा कारभारी असतो. तारेवरून निरोपांची पाकिटं येतात. कोणतं पाकीट कोणत्या प्रोग्रॅमच्या दारात द्यायचं, याची नोंद तो ठेवतो. त्या दाराला सॉकेट म्हणतात. महिनाभर आमचं यंत्र मधेच बंद पडत होतं. गेल्या मंगळवारी दुपारी, पंख्याच्या घरघरीत डोळा लागता लागता कारण दिसलं. प्रोग्रॅमनं दार लावलं की कर्नल लगेच नोंद पुसायचा, आणि वाटेतलं पाकीट पुसलेल्या जागी जाऊन धडपडायचं. मग मी प्रत्येक पाकिटामागे नोंदीवर एक रेघ ओढायला लावली. पाकीट पोचलं की रेघ पुसायची. एकही रेघ उरली असेल, तर दार लागलं तरी नोंद पुसायची नाही. तेव्हापासून यंत्र बिनबोभाट चाललंय.

साहेबांनी विचारलं, कुठून सुचलं? काय सांगू त्यांना? बाबा त्याच खोलीच्या भिंतीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहून पाठवलेल्या दर पेटीमागे कोळशाची एक रेघ ओढायचे. आपण हात लावला की ओरडायचे, 'पोच आल्याबिगर रेघ पुसाची नाई!'

दादा, मला वाटत होतं बाबांनी मला केव्हाच पुसून टाकलं. ते तर माझ्या पोचेची वाट पाहत बसलेत. म्हणून हे पत्र. त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. बाबा, चारही पेट्या पोचल्या. संत्री गोड होती. रेघा तुमच्या हातानं पुसा. यंदा पेटी पाठवू नका, मी दिवाळीला घरी येते आहे, पांढुर्णा स्टेशनवर उतरेन. नाव तेवढं राहू द्या.

तुझीच,
उर्मिला